कॉलेजमध्ये समुपदेशन कक्ष सुरू करायचा आहे. पोरं खरंच येतील, असं काय करावं?

हिंगणा_रोड यांचा प्रश्न

नमस्कार. नागपुरात हिंगणा रोडवरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात विद्यार्थी कल्याणाचं काम यंदा माझ्याकडे आलंय. एकूण विद्यार्थी १,४००. मुलांच्या वसतिगृहात ३२०, मुलींच्या १८०. वसतिगृहातली बरीच मुलं गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा भागातली. व्यवस्थापनाने एक खोली आणि अर्धवेळ समुपदेशकाचा पगार मंजूर केलाय, आठवड्याला २० तास, जुलैपासून.

गेल्या वर्षी ऑफिसला लागून 'मानसिक आरोग्य व समुपदेशन कक्ष' अशी पाटी लावली आणि एका प्राध्यापकांना जादा काम म्हणून नेमलं. वर्षभरात सहा जण आले. त्यातले चार अटेंडन्स कमी म्हणून पाठवलेले, म्हणजे आपणहून आले फक्त दोन.

खोली कुठे घ्यावी, माणूस नेमताना काय तपासावं, शिक्षकांनी काय करावं आणि काय करू नये, रजिस्टर कसं ठेवावं, घरी कधी कळवावं, रात्री वसतिगृहात काही झालं तर कोणी काय करायचं, हे सगळं हिवाळी परीक्षेच्या आधी बसवायचं आहे. जाणकारांनी कृपया नेमकं सांगावं. 'जनजागृती करा' यापलीकडचं हवंय.

---

धंतोली_समुपदेशक

मॅडम, सहा जण आले याचं कारण तुमच्याच पोस्टमध्ये आहे. पाटीवर 'मानसिक' हा शब्द, दार ऑफिसच्या रांगेत आणि आत बसलेली व्यक्ती अंतर्गत गुण देणारी. यातली एक गोष्टसुद्धा मुलाला दारातून परत पाठवायला पुरते.

खोलीपासून सुरू करते. प्राचार्यांचं दालन, परीक्षा विभाग आणि फीची खिडकी या तिन्हींपासून लांब घ्या. ग्रंथालय, एनएसएसची खोली किंवा क्रीडा विभाग, जिकडे मुलं एरवीही जातात, तिकडे घ्या, म्हणजे कोण कुठे शिरलं यावर कोणाचं लक्ष राहत नाही. दारावर थेट रोखलेला सीसीटीव्ही असेल तर त्याची दिशा बदलून घ्या. आवाज बाहेर जातो का हे आपणच तपासा: एकाने आत साध्या आवाजात बोलायचं आणि दुसऱ्याने दाराबाहेर उभं राहून ऐकायचं. नागपुरात खिडकीला कुलर असतो आणि त्याच्या चौकटीच्या फटीतून अख्खं बोलणं व्हरांड्यात जातं. उन्हाळ्यात कुलरच्या आवाजात ते दबतं, पण ऑक्टोबरमध्ये कुलर बंद झाला की शब्दन् शब्द ऐकू येतो. फट रबराची पट्टी लावून बुजवा, दाराच्या खालची सुद्धा.

खुर्च्या टेबलाच्या आरपार समोरासमोर नकोत. काटकोनात ठेवल्या की मुलाला नजर चुकवायला जागा राहते. घड्याळ मुलाच्या पाठीमागच्या भिंतीवर लावा, म्हणजे समुपदेशकाला मनगटाकडे पाहावं लागत नाही. पाणी आणि टिश्यू हाताशी असावेत. पाटीवर 'संवाद कक्ष' किंवा नुसता खोली क्रमांक पुरेसा आहे.

अपॉइंटमेंटसाठी वेगळं सिमकार्ड घ्या, त्याचा फोन फक्त समुपदेशकाकडे राहील. शिपायाकडे नावं लिहायची वही ठेवली की कक्ष तिथेच संपला. मेसेजमध्ये कारण विचारायचं नाही. नाव, वर्ष आणि सोयीची वेळ, बस.

२० तासांची वाटणी अशी करा. ५० मिनिटांची भेट आणि १० मिनिटं नोंद, अशा १२ भेटी म्हणजे १२ तास. रोज अर्धा तास रिकामा ठेवायचा, न सांगता येणाऱ्यांसाठी, त्याचे अडीच तास. दोन तास वसतिगृहात संध्याकाळी. दोन तास वर्गात जाण्यासाठी आणि शिक्षकांसाठी. उरलेला दीड तास कागदपत्रांना. व्यवस्थापन म्हणेल, 'रोज आठ मुलं बघा.' बघता येतात, पण पाचव्यानंतर ऐकणं होत नाही, नुसती हजेरी होते. १,४०० विद्यार्थ्यांना १२ भेटी कमी पडतीलच, म्हणून नियम ठरवा: पहिली २० मिनिटांची भेट तीन दिवसांच्या आत, आणि तातडी नसेल तर पुढच्या भेटी पंधरा दिवसांनी. 'तीन आठवड्यांनी या' असं ऐकलेला मुलगा चौथ्या आठवड्यात येत नाही.

नेमणुकीबद्दल. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' असं कोणी लिहिलं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. परिषदेच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो. तुम्हाला क्लिनिकलच हवा असं नाही. समुपदेशन मानसशास्त्रात एमए किंवा एमएससी आणि देखरेखीखाली प्रत्यक्ष काम केलेली व्यक्ती चालेल. मनोरुग्णांसोबत काम केलेली एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेली व्यक्तीही उत्तम. दोन दिवसांचं सर्टिफिकेट घेतलेले 'लाइफ कोच' नकोत. मुलाखतीत दोनच प्रश्न विचारा: आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या मुलाला तुम्ही पुढची पाच वाक्यं कोणती बोलाल? आणि तुमच्या कामावर देखरेख कोणाची? दुसऱ्याचं उत्तर 'कोणाचीच नाही' असेल, तर महिन्यातून एकदा बाहेरच्या अनुभवी व्यक्तीकडून देखरेख घेण्याचा खर्च कॉलेजने द्यावा.

आणि ज्याच्या हातात गुण आहेत तो समुपदेशक नको, मग तो कितीही प्रेमळ असो.

---

मेंटॉर_सर

शिक्षकांच्या बाजूने लिहितो. नॅकसाठी, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनासाठी, मेंटॉर (मार्गदर्शक शिक्षक) आणि विद्यार्थी यांचं प्रमाण दाखवायचं असतं, म्हणून प्रत्येक कॉलेजात वीस-वीस जणांच्या याद्या असतात. त्या यादीवर सेमिस्टरमधून दोनदा सही होते, पुढे काही होत नाही. ती यादीच उपयोगात आणा, नवीन काही काढू नका.

शिक्षकाने निदान करायचं नाही. त्याने *बदल* टिपायचा. मुळातच अबोल असलेला मुलगा अबोल आहे, यात काही नाही. पण ८० टक्के हजेरीचा मुलगा तीन आठवड्यांत ४० वर आला, जर्नल वेळेवर देणाऱ्याने दोन प्रॅक्टिकल सोडले, पुढच्या बाकावरून एकटाच मागे जाऊन बसायला लागला, मेसमध्ये जेवणं बंद केलं, आवडीच्या वस्तू वाटून टाकून राहिला, सगळ्यांची माफी मागत फिरतो, यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर त्याच आठवड्यात बोला. अचानक शांत आणि मोकळं वाटणं हेही, आधी खूप त्रासात असलेल्या मुलाच्या बाबतीत, नजरेआड करू नका.

स्टाफरूममध्ये बोलावू नका. लॅब सुटल्यावर व्हरांड्यात, दहा मिनिटं. वाक्यं साधी असावीत: 'तीन आठवडे झाले, तू दिसून नाही राहिला. रागवायला नाही थांबवलं. झोप लागते का रात्री? जेवण होतं का?' झोपेचा आणि जेवणाचा प्रश्न मुलांना लाजवत नाही, तिथून पुढे वाट निघते. 'तुझे आईवडील किती कष्ट करून राहिले, त्यांचा विचार कर' हे वाक्य कृपा करून बंद करा. त्या विचाराखालीच तर तो दबलेला असतो. 'आमच्या वेळी' आणि 'एवढंसं टेन्शन' हेही त्यातच.

संशय आला तर सरळ विचारायचं: 'जगू नये असं वाटतं का? मरणाचे विचार येतात का?' विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येत नाही, यावर भरपूर अभ्यास झालाय. उलट कोणीतरी नाव घेतलं म्हणून मूल सुटकेचा श्वास सोडतं. होकार आला तर पुढचे तीन प्रश्न: कसं करायचं हे ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, आधी कधी प्रयत्न केलाय का. यातल्या एकालाही 'हो' असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि 'कोणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही.

मग 'जा तिकडे, मॅडमना भेट' असं म्हणून काम होत नाही. निम्मी पोरं त्या शंभर पावलांतच गळतात. 'चल, दारापर्यंत मी येतो' म्हणा आणि खरंच जा. दुसऱ्या दिवशी समुपदेशकाला एवढंच विचारा, 'पोहोचला का?' तो काय बोलला हे विचारायचं नाही. एखाद्या शिक्षकाने स्टाफरूममध्ये 'तुमचा अमुक जाऊन आला म्हणे' असं म्हटलं तर त्या वर्गातून वर्षभर कोणी येत नाही, कारण मुलांना ते कळतंच.

विद्यार्थी स्वयंसेवक घ्यायचे असतील तर २० ते २५ घ्या, निम्मे वसतिगृहातले, आठ तासांचं प्रशिक्षण द्या आणि काम तीनच शब्दांत सांगा: बघणं, ऐकणं, सोबत नेणं. सल्ला देणं त्यात नाही. एका मित्राची काळजी एकाच स्वयंसेवकावर आठवडाभर टाकू नका, तो स्वतःच आजारी पडतो.

निकालाचा दिवस कॅलेंडरमध्ये लाल करा. एटीकेटी लागलेल्या, म्हणजे काही विषय राहिलेल्या मुलाला बहुतेक वेळा आपलं वर्ष गेलं की राहिलं हेच नीट माहीत नसतं. निकालानंतर तीन दिवस परीक्षा विभागाचा एक लिपिक आणि समुपदेशक शेजारशेजारच्या टेबलांवर बसवा. कुठला विषय पुढे नेता येतो, फेरमूल्यांकनाची शेवटची तारीख कोणती, फॉर्म कधी सुटणार, हे कागदावर लिहून मुलाच्या हातात द्या. अर्धी धास्ती त्या कागदाने उतरते.

---

हिंगणा_रोड

दोघांचे मनापासून आभार. दोन गोष्टी विचारते. एक, सगळ्या पहिल्या वर्षाला गुगल फॉर्मवर पीएचक्यू-९ (नैराश्य चाचपणारी प्रश्नावली) भरून घ्यावा असा प्रस्ताव आहे. दोन, प्राचार्यांना दर महिन्याला यादी हवी आहे आणि पालकांना 'आम्हाला आधी का नाही सांगितलं' असं म्हणायची संधी नको, असं त्यांचं म्हणणं. रजिस्टर आणि पालक यावर कोणी लिहील का?

---

मानसोपचार_एमडी

पीएचक्यू-९ बद्दल आधी. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३, एकूण ० ते २७. १० किंवा जास्त आले तर नीट तपासणी हवी. प्रश्नावली चांगली आहे. अडचण नवव्या प्रश्नाची आहे: मरण बरं असं किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार. ४०० मुलांनी सोमवारी फॉर्म भरला आणि कोणी तो गुरुवारी उघडला, तर मधले तीन दिवस तुम्हाला माहीत असून तुम्ही काही केलं नाही असं होतं. म्हणून नियम असा ठेवा: ज्या दिवशी फॉर्म, त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत प्रत्येक नववं उत्तर कोणीतरी वाचणार आणि शून्य नसलेल्या प्रत्येक मुलाशी प्रत्यक्ष बोलणार. तेवढी माणसं नसतील तर एका दिवशी एकच तुकडी घ्या. तेही जमत नसेल तर फॉर्म घेऊच नका, वर्गात जाऊन दहा मिनिटं बोला. आणि हा आकडा म्हणजे निदान नाही. परीक्षेच्या आठवड्यात निम्म्या वर्गाची झोप उडालेली असते, आकडे फुगतात.

औषधांबद्दल कॉलेजातल्या माणसांना तीन गोष्टी माहीत हव्यात. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ आणि अस्वस्थता मात्र पहिल्या आठवड्यातच येते. म्हणून पोरं दहाव्या दिवशी 'फरक नाही' म्हणून गोळ्या सोडतात. एकदम सोडल्या की चक्कर, चिडचिड, झोप बिघडणं सुरू होतं आणि 'सवय लागली' असा गैरसमज पसरतो. दुसरं, पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये गोळ्या सुरू केल्यावर पहिले काही आठवडे आत्महत्येचे विचार वाढू शकतात, त्यामुळे त्या काळात दर आठवड्याला भेट हवी आणि पूर्ण पाकीट मुलाकडे न ठेवता थोड्या थोड्या गोळ्या द्यायला हव्यात.

तिसरं आपल्या गावाचं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि त्याच सुमारास उन्हाळी परीक्षा असते. लिथियम (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध) घेणाऱ्या मुलाच्या शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं: हात थरथरणं, उलट्या, जुलाब, झोकांड्या. हे परीक्षेचं टेन्शन समजून लिंबूपाण्यावर सोडून देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. डोकेदुखीवर मनाने आयबुप्रोफेनसारखी गोळी घेतली तरी लिथियम वाढू शकतं. मानसिक आजारांवरच्या काही औषधांनी घामही कमी येतो, अशा मुलांना दुपारी मैदानावर उभं करू नका.

पाठवायचं कुठे? मेडिकल, मेयो (ही दोन्ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं) आणि मिहानमधलं एम्स या तिन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहे, मानकापूरजवळ प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. पण नावं माहीत असून उपयोग नाही. जुलैमध्येच एका विभागात स्वतः जाऊन बोलून या: बाह्यरुग्ण विभागाचे दिवस कोणते, चिठ्ठी कशी लिहिली तर मूल दिवसभर रांगेत अडकणार नाही, परत कळवायचं कोणाला. चिठ्ठीत पाच ओळी: काय दिसलं, कधीपासून, धोका आहे का, आधीची औषधं, तुमचा फोन. 'अमुक सरांनी पाठवलं' अशी तोंडी शिफारस केसपेपरवर येत नाही.

---

धंतोली_समुपदेशक

रजिस्टर आणि पालक यावर.

दोन वह्या. पहिलीत फक्त सांकेतिक क्रमांक, तारीख, विषयाचा प्रकार (अभ्यास, घर, पैसा, नातं, झोप, व्यसन, छळ), पुढची तारीख. दुसरीत क्रमांक आणि नाव यांची जोडी, ती समुपदेशकाच्या कुलपात. दुसऱ्या वहीची चावी प्राचार्यांकडेही नाही. एक्सेल शीट कॉलेजच्या सामायिक ड्राइव्हवर अजिबात नको.

प्राचार्यांना महिन्याला आकडे द्या: किती जण आले, किती भेटी, कोणत्या प्रकारचे प्रश्न, किती जणांना बाहेर पाठवलं. एखाद्या रकान्यात पाचपेक्षा कमी असतील तर तो रकाना दुसऱ्यात मिसळा. 'सिव्हिल, तिसरं वर्ष, मुलगी, १' असं लिहिलं की नाव लिहिल्यासारखंच आहे. प्राचार्यांना नाकारल्यासारखं वाटू नये म्हणून कायद्याचा आधार दाखवा: मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये कलम २३ गोपनीयतेचं आहे. आणि आकड्यांतून त्यांना उपयोगी गोष्ट काढून द्या. एका महिन्यात 'झोप' या रकान्यात बारा जण एकाच मजल्याचे निघाले, तर बहुतेक वेळा खालच्या जनरेटरचा किंवा वरच्या तापणाऱ्या स्लॅबचा प्रश्न असतो. तो प्राचार्यच सोडवू शकतात.

गुपित कधी उघडायचं, हे पहिल्या भेटीच्या पहिल्या पाच मिनिटांतच मुलाला सांगायचं. जिवाला धोका असेल तर, त्याच्या किंवा दुसऱ्याच्या. न्यायालयाने मागितलं तर. आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर, कारण पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. तुमच्याकडे डिप्लोमा असेल तर तिथली बरीच मुलं सतराची असतात, हे लक्षात असू द्या. हे आधी न सांगता नंतर उघडलं तर तो मुलगा पुन्हा कोणाकडेच तोंड उघडत नाही.

अठरा पूर्ण झालेल्यांच्या घरी, धोका नसताना, त्यांच्या परवानगीशिवाय फोन नाही. धोका असेल तर फोन करायचाच, पण शक्यतो मुलाला समोर बसवून, आणि त्याला विचारून की आधी कोणाला: आईला, मोठ्या बहिणीला, मामाला? घरातल्या नेमक्या कोणाची भीती आहे हे त्यालाच ठाऊक असतं. फोनवर अशी भाषा: 'काकू, तुमचा मुलगा आत्ता माझ्यासमोर आहे, सुखरूप आहे. त्याला बरं नाही, डॉक्टरांना दाखवायची गरज आहे. तुम्ही आलात तर त्याला बरं वाटेल.' पहिल्या वाक्यात 'सुखरूप' हा शब्द हवाच, नाहीतर पुढचं काही ऐकू येत नाही.

इथे हमखास बिघडतं ते असं: वडील मिळेल त्या गाडीने गोंदियाहून येतात, पोराला घेऊन जातात, कॉलेज सुटकेचा नि:श्वास टाकतं आणि गावात उपचार थांबतात. जाताना त्यांच्या हातात चिठ्ठी, औषधांचा कागद, जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाचा पत्ता आणि परत कधी यायचं याची तारीख द्या. एक आठवड्याने आपण फोन करायचा. घरचे देवाधर्माचं काही करणार असतील तर वाद घालू नका. 'जरूर करा, पण गोळ्या बंद करू नका' एवढंच ठाम सांगा.

---

समान_संधी

सगळं वाचलं. एक बाजू राहिली आणि ती मला मोठी वाटते. अहेरी-भामरागडकडून आलेल्या मुलाच्या न झोपण्याचं कारण पुष्कळदा त्याच्या मनात नसतं, ते शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर असतं. शिष्यवृत्तीचा हप्ता अडकला, मेसवाल्याने डबा बंद केला, वसतिगृहात नंबर लागला नाही, स्वाधार योजनेचे राहण्या-जेवण्याचे पैसे आले नाहीत. त्याला श्वासाचे व्यायाम शिकवून काय होणार?

म्हणून कक्षासोबत एक लिपिक जोडा, आठवड्यातून चार तास. त्याने प्रत्येक अडकलेल्या अर्जाचं टेबल शोधायचं: अर्ज मुलाच्याच लॉगिनमध्ये परत आलाय का, कॉलेजच्या लॉगिनमध्ये पडून आहे का, की विभागाकडे आहे. पैसे मंजूर होऊनही न येण्यामागे बऱ्याचदा आधार बँक खात्याला जोडलेलं नसणं किंवा जुन्याच खात्याला जोडलेलं असणं, हे कारण असतं. ते बँकेत जाऊन दुरुस्त होतं. आणि कॉलेजच्या लॉगिनमध्ये अर्ज पडून असेल तर तो आपलाच दोष आहे, तिथे समुपदेशन नाही, सही हवी. थकीत फीपायी परीक्षेचा फॉर्म अडवायचा नाही असं प्राचार्यांकडून लेखी घ्या. मेसच्या मालकाशी बोलून पंधरा दिवसांचा उधारीचा डबा कॉलेजच्या हमीवर चालू ठेवता येतो, रक्कम फार नसते.

भाषेचं पण बघा. घरी गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या मुलीला मराठीतच मन उघडायला जड जातं, इंग्रजी लेक्चरचं तर सोडाच. त्याच भाषेची वरच्या वर्गातली एक मुलगी स्वयंसेवकांत असली तर पहिली भेट शक्य होते. जातीवरून, बोलीवरून, कोट्यावरून मारलेले टोमणे 'मनाला लावून घेऊ नको' म्हणून मिटवू नका. ते रॅगिंगमध्येही बसू शकतात. रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास.

---

रेक्टर_काका

रात्रीचं मी लिहितो, कारण समुपदेशक पाचला घरी जातो आणि खरी वेळ रात्री अकरा ते पहाटे चारची असते.

आधी इमारत. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावं, हेल्पलाइनचे नंबर मोठ्या अक्षरांत लावावेत आणि निवासी संस्थांनी सुरक्षित पंखे व गच्ची-बाल्कनीवर नियंत्रण ठेवावं असं सांगितलंय. मॅडम, व्यवस्थापनाकडे पैसे मागताना याची प्रत जोडा, फाइल लवकर हलते. गच्चीला नुसतं कुलूप लावू नका, आग लागली तर तीच वाट असते. दार उघडलं की खाली गार्डजवळ भोंगा वाजेल अशी व्यवस्था करा. फिनेल, ॲसिड, उंदराचं औषध स्टोअरमध्ये कुलपात. खोल्यांच्या आतल्या कड्या बाहेरूनही उघडता येतील अशा बसवा. जीव द्यावा असं वाटण्याची तीव्र लाट बहुतेकदा थोडा वेळ असते, तेवढ्यात साधन हाताशी नसलं की माणूस वाचतो. म्हणून हा खर्च पोस्टर आणि व्याख्यानांच्या आधी.

गार्डच्या टेबलावर एक जाड कार्ड ठेवा. त्यावर क्रमाने: मुलाजवळ थांब, एकटं सोडू नको. रेक्टरला फोन. रेक्टर दहा मिनिटांत आला नाही तर दुसऱ्या शिक्षकाला. इजा झाली असेल किंवा काही प्यायला असेल तर रेक्टरची वाट न बघता १०८ (रुग्णवाहिका). गाडी कुठली, चावी कोणाकडे. टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६, चोवीस तास, भाषा निवडताना मराठी घेता येते.

विष किंवा जखम असेल तर सरळ मेडिकल किंवा मेयोच्या अपघात विभागात, जे जवळ असेल तिथे. मनोरुग्णालयात नंतर. उलटी करवायची नाही, मीठ-पाणी पाजायचं नाही, बाटली किंवा गोळ्यांचं रिकामं पाकीट सोबत न्यायचं. तिथे पोलिसांना कळवलं जातं, तो रुग्णालयाचा नेहमीचा नियम आहे. त्याला घाबरून लोक छोट्या दवाखान्यांतून फिरत वेळ घालवतात. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं, त्याच्यावर खटला चालवून शिक्षा होत नाही. हे गार्डला, रूममेटला, पालकांना, तिघांनाही सांगून ठेवा.

इजा झालेली नाही पण धोका आहे, अशा रात्री मुलासोबत दोन मोठी माणसं थांबतील. रूममेटला राखण करायला बसवू नका, एका रात्रीपलीकडे तर मुळीच नाही. सकाळी समुपदेशक येईपर्यंत त्याला जेवू घाला, फोन चार्ज करून द्या, प्रश्न विचारत बसू नका. परत आल्यावर त्याची खोली बदलून त्याला एकटं टाकू नका आणि 'शिस्तभंग' म्हणून काढूही नका. काढण्याची भीती असली की पुढचा मुलगा शेवटपर्यंत लपवतो.

देव न करो, एखादं मूल गेलंच, तर व्हॉट्सॲपवर कसं आणि का हे फिरू देऊ नका. घरच्यांना विचारून वर्गावर्गात एकच मजकूर वाचून दाखवा: आपला अमुक गेला, आपल्याला दुःख आहे, समुपदेशक इथे बसलेत. फोटोसमोर मोठा कार्यक्रम नको. जवळचे मित्र, रूममेट, ज्याने पहिल्यांदा पाहिलं तो, आणि आधीपासून त्रासात असलेली मुलं, यांची यादी करून त्याच दिवशी प्रत्येकाला भेटा. पुन्हा एक महिन्याने भेटा.

---

हिंगणा_रोड

सगळ्यांचं लिहिलेलं छापून फाइलला लावते आहे. खोली ग्रंथालयाच्या मागची मागणार, दोन वह्या, वेगळं सिम, निकालाचे तीन दिवस, लिपिकाचे चार तास, रात्रीचं कार्ड. पीएचक्यू-९ यंदा नाही. रेक्टर काका, कार्डावरचे नंबर कोणी सांभाळायचे?

---

रेक्टर_काका

कोणीतरी एकानेच, आणि त्याचं नाव कार्डाच्या मागे पेन्सिलने लिहा, म्हणजे माणूस बदलला की खोडता येईल. दर महिन्याच्या एक तारखेला त्याने कार्डावरचा प्रत्येक नंबर स्वतः लावून बघायचा. १०८ आणि १४४१६ सोडून, त्या लायनी उगाच अडवू नका. रात्रपाळीचा गार्ड एजन्सी बदलते, त्यामुळे नवा गार्ड आला की पहिल्याच रात्री त्याच्याकडून कार्ड मोठ्याने वाचून घ्या. मराठी वाचता येत नसेल तर त्याला हिंदीतलं कार्ड द्या.